झोपाळू चिप आणि दोन डायोड

डायोडबाईंना निवृत्त होऊन अकरा वर्षं झाली होती, तरी कारखान्यात त्यांचं नाव अजून तेच होतं. त्या नोकरीला लागल्या तेव्हा डायोड काचेचे असत, तांदळाच्या दाण्याएवढे. एक हरवला तर सगळा विभाग गुडघ्यांवर बसून फरशी धुंडाळायचा. आता त्यांच्या त्याच खोलीत त्यांची सून सर्किट विभागाची प्रमुख होती. विभाग म्हणजे सून, दोन इंजिनिअर आणि एक खिडकी. गुरुवारी संचालकांसमोर नवं यंत्र चाललं नाही तर विभाग बंद करायचा आणि खिडकी विक्री विभागाला द्यायची, असं मोठ्या साहेबांनी जाहीर केलं होतं. खिडकीसाठी विक्री विभागाने पडद्याचं मापही घेऊन ठेवलं होतं.

यंत्र काडेपेटीएवढं. पंपाला चिकटवायचं. पंप थरथरला की आतलं लोहचुंबक तारेच्या वेटोळ्यात हलायचं आणि चिमूटभर वीज तयार व्हायची. त्या विजेवर यंत्राने पंपाची तब्येत कळवायची आणि एक लाल दिवा लुकलुकवायचा. बॅटरी नाही, काही नाही. फक्त वेटोळ्यातली वीज पुढे-मागे धावते आणि यंत्राला एकाच दिशेने जाणारी वीज लागते. मध्ये डायोडसारखं काहीतरी हवं, जे एका बाजूने सोडेल आणि दुसऱ्या बाजूने अडवेल. डायोड हे काम फुकट करत नाही, थोडं व्होल्टेज स्वतः खातो. आणि इथे मुळात जेमतेम एक व्होल्ट.

म्हणून मोठ्या साहेबांनी एका प्रदर्शनातून महागडी चिप आणली होती. ती तेच काम करायची आणि जवळपास काही खायची नाही. साहेबांनी ती निवडली होती, त्यामुळे ती उत्तम होती.

यंत्र विभागाच्या, पंपासारख्या थरथरणाऱ्या चाचणीच्या टेबलावर झकास चालायचं. पंपावर नेलं की ढिम्म. असं तीनदा झालं. तेव्हा साहेबांनी पंपवाल्या कंपनीला सविस्तर पत्र पाठवलं, की आपला पंप पुरेसा थरथरत नसावा, तरी लक्ष घालावे.

रविवारी दुपारी सून यंत्र घरी घेऊन आली. डायोडबाईंचा मुलगा दातांचा डॉक्टर. जेवणाच्या टेबलावर सोल्डरिंग आयर्न पाहताच तो आपली ताटली उचलून मुकाट्याने आत गेला. लहानपणापासून त्याला सवय होती.

पंप घरात नव्हता, म्हणून यंत्र वॉशिंग मशीनवर चिकटवलं. सुनेने लॅपटॉपची वायर जोडली, मशीन सुरू केलं. दिवा लागला, पडद्यावर आलेख नाचू लागला.

"ही वायर कशाला?" डायोडबाईंनी विचारलं.

"चालतंय की नाही ते बघायला, आई."

"ती काढ बरं."

सुनेने वायर काढली. दिवा लुकलुकतच राहिला. "बघा, चालतंय," ती म्हणाली. डायोडबाईंनी मशीन बंद करायला लावलं, दिवा विझू दिला, मग वायर न जोडता पुन्हा सुरू करायला लावलं. चादरी धुऊन झाल्या, पिळून झाल्या. दिवा काही लागला नाही.

सुनेने कपाळाला हात लावला. चिप एकदा जागी झाली की काही खात नव्हती हे खरं, पण जागं व्हायला तिला जवळजवळ दोन व्होल्ट लागत होते, आणि वेटोळं देत होतं एक. उरलेलं त्या वायरमधून कॉम्प्युटर गुपचूप पुरवत होता. चार महिने प्रत्येकाने यंत्र तपासायला वायर जोडली होती, आणि तपासण्याच्या निमित्ताने चिपला रोज अंथरुणातून उठवलं होतं.

"तुझ्या साहेबांसारखीच आहे गं," डायोडबाई म्हणाल्या. "एकदा उठली की कामाला वाघ. उठवायला मात्र दुसरं कुणीतरी हवं."

मग त्यांनी पाकिटाच्या पाठीवर आकृती काढली. दोन डायोड, वीज साठवणारे दोन कपॅसिटर. वीज पुढे गेली की एक कपॅसिटर भरतो, मागे आली की दुसरा, आणि दोघांचे व्होल्ट एकावर एक चढतात. सुनेने अडून पाहिलं, की त्यात वीज वाया जाते, असं आता कोणी करत नाही. बाई म्हणाल्या, उठवण्यापुरतीच जाऊ दे, पुढे चिप आहेच. फक्त डायोड कमी खाणारे निवड आणि घाई करू नकोस, भरायला वेळ लागेल. लागला. चाळीस सेकंद. संध्याकाळपर्यंत दहापैकी नऊ वेळा दिवा लागला. दहावी वेळ का चुकली ते दोघींनाही कळलं नाही.

गुरुवारी निवृत्त मंडळींनाही बोलावलं होतं, शोभेसाठी. डायोडबाईंना एक पुष्पगुच्छ आणि मागची खुर्ची मिळाली. पुढे पंपवाल्या कंपनीचा इंजिनिअर बसला होता. त्याच्या वरच्या खिशात ते पत्र होतं आणि चेहरा पत्रासारखाच घडी घातलेला होता. थरथरणाऱ्या टेबलावर यंत्र, यंत्राला वायर, भिंतीवर भलामोठा आलेख. मोठे साहेब आपल्या चिपबद्दल बोलत होते. वायर होती तोवर चूक कुणाला दिसणार नव्हती, आणि विभागही वाचणार होता.

सून उठली. पंपवाल्याला म्हणाली, "तुमचा पंप चांगला आहे. चूक आमची होती." आणि तिने टेबल थांबवलं, दिवा विझू दिला, वायर उपटली, टेबल पुन्हा सुरू केलं.

भिंत पांढरी झाली. साहेबांचाही चेहरा.

पंधराव्या सेकंदाला एका संचालकांनी घड्याळ पाहिलं. विसाव्याला विक्री विभागाच्या प्रमुखांनी खिडकीकडे पाहिलं. तिसाव्याला साहेब म्हणाले, की थोडी तांत्रिक अडचण दिसते आहे. डायोडबाईंनी गुच्छातल्या एका फुलाच्या पाकळ्या कधी कुस्करल्या, त्यांनाही कळलं नाही. चाळीस होऊन गेले. सून हात बांधून यंत्राकडे बघत होती. शेहेचाळीसला दिवा लुकलुकला. मग पुन्हा. मग लुकलुकतच राहिला.

पंपवाला उठून जवळ गेला, यंत्राच्या चारी बाजूंनी बोट फिरवून वायर नसल्याची खात्री केली आणि दोनशे यंत्रं मागितली. पत्राचं उत्तर मात्र सावकाश देतो म्हणाला.

विभाग राहिला, खिडकीही. साहेबांनी चिपचं अभिनंदन केलं. मग बोर्डाचं चित्र डोळ्यांजवळ नेऊन त्यांनी सुनेला विचारलं, "हे दोन जुनाट डायोड कशाला? खर्च वाचवायला काढता येतील का?"

"येतील की," सून म्हणाली. "मग प्रत्येक पंपाशेजारी एक कॉम्प्युटर ठेवू."

साहेबांनी त्यावर विचार करण्यासाठी समिती नेमली.