झग्याचा खिसा

"शिंपीदादांच्याच हातात द्या हं वहिनी, तुम्ही उघडू नका," असं बजावून मठातल्या बाबांचा सेवक पिशवी ठेवून गाडीत बसला. उघडू नका म्हटलं की माणूस आधी तेच करतो. पण शिंपीणबाई त्यातली नव्हती. बाबांचा पांढरा झगा ओला राहिला तर पिवळा पडेल, एवढ्याच काळजीने तिने पिशवीत हात घातला, कारण पिशवी खालून ओली झाली होती. आणि तो सुगंध दुकानभर पसरला.

बाबा रिकामा हात पालथा धरायचे. बोटांतून सुगंधी पाणी ठिबकायचं आणि थेंब तिच्या जन्मापासून बहिऱ्या लेकीच्या कानांवर पडायचे. शिंपीणबाईची श्रद्धा काही आंधळी नव्हती हो! हातभर अंतरावरून, डोळ्यांत तेल घालून तिने पाहिलं होतं. कानाच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, "ऑपरेशन आत्ताच करा, मोठी झाल्यावर फारसा उपयोग नाही." तेव्हा तिने उत्तर दिलं होतं, "तुमचं नुसतं ऐकलंय. त्यांचं डोळ्यांनी पाहिलंय." बाबांनी कानाला सुरी लावू नका, वाट बघा म्हणून सांगितलं होतं. तिने वाट बघितली. पोर आता नऊ वर्षांची झाली होती.

झग्याच्या उजव्या बाहीत, अस्तराखाली, एक लांबट खिसा उसवला होता. आत रबराची चपटी पिशवी आणि तिला काडीएवढी नळी. तिने पिशवी दाबली. तिच्याही बोटांतून पाणी ठिबकलं. एवढ्याशा पिशवीत देव मावला होता!

मग तिने खिशाची हातशिलाई उजेडात धरली. टाके डावीकडे कललेले, शेवटी गाठीवर गाठ. असे टाके साऱ्या बाजारात एकच डावखुरा माणूस घालायचा, आणि तो रोज तिच्या ताटाला ताट लावून जेवायचा.

नवरा बटणांची पाकिटं घेऊन आला आणि झगा बघून दारातच थबकला.

"हा खिसा कधी शिवलात?"

"अगं, त्यांनी सांगितलं म्हणून..."

"कधी?"

"पहिल्या झग्यापासून." तो स्टुलावर बसला. "डॉक्टरांकडे गेलो त्याच्याही आधी."

"म्हणजे मी ऑपरेशनला नको म्हणाले, तेव्हा तुम्हाला माहीत होतं."

"तू तेव्हा रडून रडून अर्धी झाली होतीस. तिथे जायला लागलीस आणि जेवायला लागलीस. म्हटलं, असू दे, तेवढाच आधार. आणि मी बोललो असतो तर तुला पटलं असतं?"

हे तिला सगळ्यात जास्त लागलं. बाबा परका होता. परक्याने फसवलं की चार शिव्या देऊन माणूस मोकळा होतो. याला काय म्हणायचं?

"बोलायचं कशाला? खिसा दाखवायचास!" लग्न झाल्यापासून पहिल्यांदाच तिने नवऱ्याला अरेतुरे केलं. "मी पाहिलं असतं ना रे! तेवढंच तर करायचं होतं तुला!"

"हळू," तो घाईने म्हणाला, "पोर ऐकेल."

म्हणून गेला आणि त्याने जीभ चावली.

पोर मशीनच्या पायाशी पाठमोरी बसून बटणं निवडत होती. आईने बेंबीच्या देठापासून तिला नावाने हाक मारली. शेजारचा दुकानदार बाहेर आला. रस्त्यावरची दोन माणसं थांबली.

पोरीने एक निळं बटण उचललं, उजेडाकडे धरलं आणि निळ्यांच्या ढिगात ठेवलं.