दिव्यांना हात लावायचा नाही

माझ्या गाडीचे दोन्ही दिवे हिरवे झाले ते प्रेमापोटी. भांडणातून झाले असते तर बरं होतं, भांडणाऱ्याला निदान हाकलता येतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी गाडीची तपासणी होती. पास झाली की ती टॅक्सी होणार आणि चालवणार मी. शिलाईच्या कारखान्यातली नोकरी मी आधीच सोडून बसले होते, त्यामुळे परतीचा रस्ता बंद. सगळ्यात जास्त आनंद सासऱ्यांना. "माझ्या सुनेची टॅक्सी या गंजक्या फाटकातून निघणार? छे!" म्हणत त्यांनी कुणाकडून तरी रंगाचा फवारा मागून आणला आणि भर वाऱ्यात फाटक रंगवायला घेतलं.

नवऱ्याने धोका ओळखून गाडीवर चादर टाकली. चादर आखूड. टपावरून काचेपर्यंत आली आणि थांबली.

"अगं, झाकलीये की गाडी."

"पाय उघडे टाकून झोप लागते का तुम्हाला?"

तोवर उशीर झाला होता. फाटकाला जेमतेम एक हात बसला, बाकीचा रंग वाऱ्याने गावभर वाटून टाकला. माझ्या दिव्यांवर हिरवी खसखस, सासऱ्यांच्या मिशीवर खसखस, चष्म्यावर खसखस.

"काही नाही, थिनर मारू," सासरे म्हणाले. त्यांनी जन्मभर दुकानांच्या पाट्या रंगवल्या. थिनरने जात नाही असं जगात काही आहे, हे त्यांना मान्यच नाही.

"बाबा, हे दिवे काचेचे नाहीत, प्लास्टिकचे आहेत. थिनर लागला की पांढरे पडतील. उजेड फुटणार नाही, आणि गाडी नापास."

"तू जन्मली नव्हतीस तेव्हापासून मी थिनरमध्ये हात बुडवतोय."

"हात कातडीचे आहेत, बाबा."

तेवढ्यात नवरा दाढीचं पातं घेऊन आला. "हळूच खरवडतो ना." त्याच्या मागून सासूबाई, हातात तारेची घासणी. "सरका रे, मी लख्ख करून देते. कढया घासल्यात मी."

तिघं तीन बाजूंनी यायला लागले. दिवे दोन, मी एकटी. मी मधोमध स्टूल टाकलं आणि दोन्ही हात पसरून बसले.

"कुणी हात लावायचा नाही. लावलात तर मी इथेच जेवेन, इथेच झोपेन आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सगळं सांगेन."

"फार हट्टी आहेस," सासरे म्हणाले.

"आहेच. तुम्हाला एवढी खात्री आहे ना? मग आधी स्वतःच्या चष्म्याला लावा. तोही प्लास्टिकचाच, रंगही तोच."

"राहू द्या हो," सासूबाई घाबरून म्हणाल्या, "आत्ताच तर नवीन केलाय."

झालं. बायकोने नको म्हटल्यावर ते थांबले असं आजवर घडलेलं नाही. त्यांनी फडकं थिनरमध्ये बुडवलं आणि चष्मा असा चोळला, असा चोळला, की रंग गेला आणि आरपार दिसणंही गेलं. मग ऐटीत डोळ्यांवर चढवला.

"बघ! आहे का एक तरी ठिपका?"

"तुम्हाला दिसतंय का पण?"

"स्वच्छ. जरा धुकं पडलंय, एवढंच."

"भर दुपारी?" सासूबाई.

"हल्ली हवेचा काही भरवसा नाही," म्हणत सासरे ताठ मानेने शेजाऱ्यांच्या घरात शिरले.

त्यानंतर पातं आणि घासणी दोन्ही गुपचूप आत गेली.

मी दिवे आधी साबणाच्या पाण्याने धुतले, म्हणजे धूळ घासली जाऊन चरे पडणार नाहीत. भोवतीच्या पत्र्याला चिकटपट्टी लावली. गाड्यांच्या रंगाच्या दुकानातून मातीची मऊ वडी आणली होती, ती याच कामासाठी मिळते. उडालेला रंग हवेतच अर्धामुर्धा सुकून बसतो, त्याची पकड कच्ची असते. दिवा साबणाने बुळबुळीत ठेवायचा आणि वडी अलगद, सरळ रेषेत फिरवायची. जोर लावायचा नाही. जोर लावायचा नाही हे आमच्या घराण्याला माहीतच नाही. वडी हिरवी झाली की घडी घालून आतली स्वच्छ बाजू बाहेर काढायची. ठिपके एकेक करत वडीत शिरत होते. शेवटी पॉलिश मऊ फडक्याने फिरवलं. उजव्या दिव्याच्या कोपऱ्यात एक ठिपका मात्र चिकटून राहिला. मी म्हटलं, रहा बाबा. तुझ्यासाठी मी दिवा घालवणार नाही.

सकाळी तपासणीच्या रांगेत मी एकटीच गेले. तपासनीस साहेबांनी ब्रेक बघितले, हॉर्न वाजवला, दिव्यांचा उजेड समोरच्या फळ्यावर पाडून बघितला. मग वाकले.

"हा हिरवा ठिपका कसला?"

"रंग उडालाय. उजेडाच्या वाटेत येत नाही."

"काढून टाकू की, त्यात काय!" म्हणत त्यांनी खिशातून किल्ली काढली.

मी दिव्यावर पंजा ठेवला.

"साहेब, किल्ली आत ठेवा."

मागच्या रांगेतले हॉर्न वाजायचे थांबले.

"बाई, नापास करीन."

"करा. लिहा, एका ठिपक्यासाठी नापास. खाली सही करा, मी ती जपून ठेवीन. पण दिव्याला चरा पाडू देणार नाही. तो पडला तर रात्री रस्ता मला बघायचाय, तुम्हाला नाही."

"तपासणी मी करतोय की तुम्ही?"

"तपासणी तुमची. दिवे माझे."

त्यांनी माझ्याकडे बघितलं, पंजाकडे बघितलं. मागून कुणीतरी ओरडलं, "साहेब, तिच्या नादी लागू नका, आमची दुपार होईल!"

साहेबांनी किल्ली खिशात टाकली आणि कागदावर शिक्का मारला.

"घ्या पुढे. आणि हात काढा आता तो."

"आधी तुम्ही दोन पावलं मागे सरका," मी म्हटलं.

ते सरकले.