उत्तरेकडची काळी माती

नेवासा फाट्याच्या अलीकडे, नगर रस्त्याला लागून उभ्या राहिलेल्या नव्या स्टेडियमवर अमेरिकन फुटबॉलच्या एका लीगचा अंतिम सामना होणार, ही बातमी आली तेव्हा आसपासच्या गावांत बहुतेकांना तो खेळ कसा असतो हेही माहीत नव्हतं. चेंडू सोललेल्या नारळासारखा असतो आणि तो काखेत मारून पळायचं असतं, एवढं लोकांना मोबाईलवर बघून कळलं. मग त्याला नारळाचा खेळ हेच नाव पडलं. आठ संघांची ती लीग दर वर्षी आपली फायनल अमेरिकेबाहेर कुठेतरी भरवायची. या वर्षी फेब्रुवारीच्या शेवटच्या रविवारी ती इथे येणार होती.

वृषाली साळवेला मात्र तो खेळ पुरता ठाऊक होता. नेवाशाजवळच्या एका खेड्यात वाढलेली ही मुलगी एकोणिसाव्या वर्षी त्याच खेळासाठी भारताच्या महिला संघात निवडली गेली होती. आता ती एकतीस वर्षांची होती आणि मैदानाच्या गवताची तज्ज्ञ म्हणून तिचं नाव झालं होतं. मैदान खेळायला योग्य आहे की नाही हे ठरवण्यासाठी लीगने तिला नेमलं होतं. आणि आयोजन समितीचे अध्यक्ष होते नृसिंह पाठक. जिल्ह्यातल्या खेळांचा कारभार वीस वर्षं त्यांच्याच हातात होता.

नोव्हेंबरात ती पहिल्यांदा स्टेडियमवर गेली तेव्हा पाठक स्वतः फाटकापर्यंत आले. केस पांढरे झाले होते, आवाज तसाच मऊ होता. त्यांनी तिला चहा पाजला, तिच्या आईची विचारपूस केली आणि जाता जाता म्हणाले, "तुझं नाव मीच सुचवलं बरं का लीगला. म्हटलं, आपली पोरगी आहे. झालं गेलं, आता फिटलं म्हणायचं."

वृषाली हसली. हो सर म्हणाली. फाटकाबाहेर येईपर्यंत तिने ते हसू तसंच ठेवलं.

झालं गेलं म्हणजे काय, ते असं. बारा वर्षांपूर्वी संघ जपानला निघायच्या आठ दिवस आधी तिला पत्र आलं होतं. वैद्यकीय तपासणीत हृदयाचा दोष आढळला, सबब अपात्र. तिच्या जागी लीना पाठक हिची निवड. लीना नृसिंह पाठकांची मुलगी, आणि पाठक तेव्हा त्या संघाच्या निवड समितीवर होते. वृषालीच्या बापाने, भीमराजने, तिला नगरच्या मोठ्या डॉक्टरकडे नेलं. सगळ्या तपासण्या झाल्या. हृदय ठणठणीत निघालं. ते कागद घेऊन भीमराज पाठकांच्या ऑफिसात गेला. सर कामात आहेत, बसा, असं सांगून शिपायाने त्याला बाहेरच्या बाकावर बसवलं. भीमराज सकाळी दहाला बसला तो संध्याकाळी सहाला उठला. असे तीन दिवस. पाठक त्याच्यासमोरून आत जायचे, बाहेर यायचे, जेवून यायचे. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी त्यांनी उभ्या उभ्या कागद पाहिले आणि म्हणाले, उगाच जोखीम कशाला घ्यायची, पोरीच्या जिवापेक्षा खेळ मोठा आहे का. तोवर विमान जपानला पोचलं होतं.

गावात एवढंच पसरलं की साळव्याच्या पोरीच्या हृदयाला भोक आहे. तिचं शेवगावला ठरलेलं लग्न मोडलं. भीमराज प्रत्येकाला कागद दाखवत फिरला. पुढे तो वारला तेव्हा ते कागद त्याच्या ट्रंकेत प्लास्टिकच्या पिशवीत नीट घडी घालून ठेवलेले सापडले.

वृषालीने राहुरीला शेतकीची पदवी घेतली, पुण्यात गोल्फच्या मैदानावर नोकरी केली, परदेशात जाऊन गवताचं शिक्षण घेतलं. या सगळ्या काळात तिने पाठकांचं नाव कधी तोंडातून काढलं नाही. लोकांना वाटलं ती विसरली.

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात तिने मैदानाची पहिली तपासणी केली. वरून मैदान देखणं होतं. दाट, एकसारखं, पायाखाली दबून परत वर येणारं गवत. पण तिचं खरं काम गवताच्या खाली असायचं. पोकळ नळी जमिनीत ठोकायची आणि खालच्या थरांचा नमुना अखंड बाहेर काढायचा. करारानुसार सगळीकडे फूटभर वाळू हवी होती, म्हणजे पाणी झिरपतं आणि मुळं घट्ट धरतात. दक्षिणेकडून सुरुवात केली, तिथे वाळू बरोबर होती. मध्यावर बरोबर होती. उत्तरेच्या टोकाला नळी ठोकली तर चार बोटं वाळू आणि खाली काळीभोर माती आली.

तिने बाजूला दुसरी जागा बघितली, तिसरी बघितली, मग सहावी. सगळीकडे तेच. शेवटचा वीसेक यार्डांचा पट्टा कुणीतरी वाळू वाचवून तसाच उरकला होता. काळी माती पाणी प्याली की फुगते आणि सुकली की भेगाळते. वरचं गवत नुसतं पांघरलेलं राहतं. सव्वाशे किलोचा खेळाडू तिथे जोरात वळला की गवताची चादर पायासकट सरकणार आणि गुडघा जाणार. मैदानाचं काम ज्या कंपनीने केलं होतं तिचा मालक समर्थ, लीनाचा नवरा. पाठकांना यातलं काही माहीत असावं असं तिला वाटलं नाही. ते खाली वाकून माती बघणाऱ्यांतले नव्हते.

पट्टा उकरून पुन्हा भरायला चाळीस दिवस लागले असते. हातात ऐंशी होते. एक फोन केला असता तर सगळं निस्तरलं असतं. वृषाली त्या टोकाला गुडघ्यावर बसून राहिली. मग तिने भोकं वाळूने बुजवली, वर गवताचे तुकडे बसवले आणि अहवालात लिहिलं: पृष्ठभाग समाधानकारक, खालच्या थरांबाबतचा निष्कर्ष अंतिम तपासणीत. शब्द न शब्द खरा होता.

नमुन्याची नळी ती घरी घेऊन आली. तिच्या आईने, भीमाबाईने, ती ओट्यावर पाहिली. शेतात जन्म काढलेल्या बाईला दोन थर कळायला वेळ लागला नाही.

"ही तर काळी हाय. त्या मानसाला सांगितलं का?"

"नाही."

"कधी सांगनार?"

"वेळ आली की."

भीमाबाईने नळी भिंतीकडे सरकवली आणि म्हणाली, "तुझ्या बापानं असं केलं नसतं." वृषाली म्हणाली, म्हणूनच तर त्यांना बाकावर बसवलं.

एक गोष्ट मात्र वृषाली मनात मागे ढकलत होती. फायनलच्या आधी त्याच मैदानावर जिल्ह्यातल्या मुलींच्या दोन संघांचा अर्ध्या तासाचा सामना ठेवला होता. त्यातल्या एका संघाला ती स्वतः शिकवत होती. कप्तान होती राजूरची पंकजा, वय अठरा. दर शनिवारी ती आधी जीपने आणि मग दोन एसट्या बदलून डोंगरातून खाली यायची आणि रविवारचा सराव करून परत जायची. तिच्या गावच्या लोकांनी सामना बघायला दोन जीप ठरवल्या होत्या. बक्षिसाचं कुणाला काही नव्हतं. परदेशी टीव्हीवर आपली पोरगी दिसणार, एवढ्यावर सगळं गाव खूश होतं. पंकजा सारखी त्या दिवसाबद्दल विचारायची. गवत कसं आहे, पाय घसरेल का, आपण सुरुवात कुठल्या टोकाकडून करायची. वृषाली उत्तरं द्यायची आणि घरी आल्यावर तिला अन्न गोड लागायचं नाही. तरी तिने फोन केला नाही. जानेवारी गेला. चाळीस दिवस उरले होते ते तीस झाले, मग वीस.

सामन्याच्या दहा दिवस आधी अंतिम तपासणी झाली. लीगचे मैदानप्रमुख कार्सन अमेरिकेहून आले होते. पाठक कडक इस्त्रीच्या पांढऱ्या शर्टात होते. समर्थ मात्र कुणाच्या नजरेला नजर न देता मागेमागे चालत होता. वृषालीने दक्षिणेकडून सुरुवात केली आणि प्रत्येक नमुना सगळ्यांसमोर पांढऱ्या फळीवर मांडत गेली. उत्तरेच्या टोकाला आल्यावर फळीवर काळी माती पडली. कार्सननी ती बोटांनी चुरडली आणि तिला पुढची जागा दाखवली. तिथेही काळी. त्यांनी स्वतः बुटाची टाच रोवून अंग फिरवलं, तसं गवत सालीसारखं निघून आलं.

कार्सन बाजूला जाऊन फोनवर बोलले. परत आल्यावर त्यांनी शांतपणे सांगितलं की सामना इथे होणार नाही, आखाती देशातलं राखून ठेवलेलं मैदान वापरलं जाईल.

पाठकांना आधी समजलंच नाही. मग त्यांनी वृषालीला विचारलं, दुरुस्त करता येईल ना. तिने सांगितलं, येईल, चाळीस दिवस लागतात. बाकीचे गाड्यांकडे निघाले तरी पाठक त्या सोललेल्या गवतापाशीच उभे राहिले. त्यांचा चेहरा सैल पडला होता.

"डिसेंबरात तू नळ्या मारल्या होत्यास," ते म्हणाले. "तुला तेव्हाच कळलं होतं."

"हो सर."

"लीनाच्या निवडीचा राग धरलास तू. बारा वर्षं."

"लीनाचा राग कधीच गेला," वृषाली म्हणाली. "ती पोरगी होती, तिला काय कळत होतं. माझ्या बापाला तुम्ही तीन दिवस बाहेर बसवलंत आणि विमान सुटल्यावर कागद पाहिलेत. वेळ हातातून गेली की कसं वाटतं ते तुम्हाला कळावं म्हणून मी थांबले."

पाठकांचं तोंड उघडंच राहिलं. वृषाली नळी पुसून पिशवीत ठेवत होती आणि तिला इतकं हलकं वाटत होतं की ते लपवायला तिने मान खाली घातली.

पुढचं सगळं भराभर झालं. समर्थच्या कंपनीवर चौकशी लागली. पाठकांनी प्रकृतीचं कारण देऊन सगळ्या पदांचे राजीनामे दिले. त्यांच्या प्रकृतीला काय झालं याची नगरमध्ये हसत हसत चर्चा झाली, ती वृषालीने चहाच्या टपरीवर उभं राहून कान देऊन ऐकली. कार्सननी मात्र तिला एक पत्र पाठवलं. तुमचा पहिला अहवाल मी पुन्हा वाचला, एवढंच त्यात होतं. त्यानंतर लीगकडून तिला काम आलं नाही. याचं तिला फार दुःख झालं नाही.

मुलींचा सामना रद्द झाला. पंकजा पुढच्या रविवारी आली नाही, त्याच्या पुढच्याही नाही. शेवटी वृषाली एसटीने राजूरला गेली आणि तिथून जीपने वरच्या वाडीत. पंकजाची आजी छबूबाई अंगणात भात पाखडत होती. तिने वृषालीला पाणी दिलं, बसायला घोंगडी टाकली आणि नातीला हाक मारली. पंकजा बाहेर आली ती दारातच उभी राहिली.

"ताई, एक विचारते. मैदान खराब हाय हे तुमाला आधीपासून ठावं हुतं?"

वृषालीला खोटं बोलता आलं असतं. तिने सगळं सांगितलं. पत्र, बाक, विमान, डिसेंबरातली नळी. पंकजाने मध्येच तोडलं नाही.

"त्यांनी लई वाईट केलं तुमच्या बाबांचं," ती शेवटी म्हणाली. "पन आमी काय केल्तं? गावानं जीप ठरवल्या हुत्या. तुमी मला दर रविवारी सांगत हुता, गवत चांगलं हाय."

छबूबाईचं सूप थांबलं. वृषालीने माफी मागितली. पंकजाने मान हलवली, पण त्या हलवण्यात होकार होता की नुसतं ऐकलं एवढंच, हे तिला कळलं नाही. रविवारी सरावाला येशील का, असं तिने विचारलं.

"येईन. दुसरं कोन हाय शिकवायला," पंकजा म्हणाली आणि आत गेली.

परतीच्या एसटीत अकोले गावापर्यंत बसायला जागा मिळाली नाही. दांड्याला धरून उभी असताना वृषालीने पाठकांबद्दल वाईट वाटून घ्यायचा प्रयत्न केला. ते काही जमलं नाही. त्या उघड्या राहिलेल्या तोंडाची आठवण झाली की अजूनही तिला आत कुठेतरी गोड वाटत होतं. पंकजाचा दारातला चेहरा आठवला की मात्र ते गोड टिकत नव्हतं. ती दोन्ही आळीपाळीने आठवत राहिली. अकोल्याला खिडकीजवळची जागा रिकामी झाली, तशी ती बसली आणि रविवारी मुलींना काय सांगायचं याचा विचार करू लागली.