जानव्यातली किल्ली

तुमच्या-आमच्या घरात एक कपाट असतं आणि ते उघडणारं माणूस एकच असतं. त्याला आपण कौतुकानं 'घरातला व्यवस्थित माणूस' म्हणतो. कांदिवलीच्या श्यामसुंदर केळकरांचं हे कौतुक अख्ख्या सोसायटीत होतं. त्यांची उभी नोकरी सरकारी कचेरीच्या आवक-जावक विभागात गेली. आलेल्या कागदावर तारखेचा शिक्का मारायचा आणि त्या तारखेच्या गठ्ठ्यात लावायचा. निवृत्तीनंतर तोच रिवाज त्यांनी घरी आणला. विजेचं बिल असो की मुलीच्या लग्नाचा दाखला, ज्या दिवशी घरात आला त्या दिवसाच्या गठ्ठ्यात गेला. कपाटाची किल्ली जुन्या वळणानं जानव्याला बांधलेली. ती आंघोळीच्या वेळीही अंगावरून उतरत नसे.

एकदा मैत्रिणीच्या नवऱ्याच्या तेराव्याहून आल्यावर शुभाताईंनी नवऱ्याला भीत भीत विचारलं होतं, कुठे काय ठेवलंय ते मला एकदा दाखवून ठेवता का?

"मी अजून जिवंत आहे," केळकर म्हणाले. "असलं अभद्र बोलू नकोस."

शुभाताईंनी जीभ चावली, देवापुढे हात जोडले आणि तो विषय तिथेच मिटवला. आपल्याकडे बायका असे कितीतरी विषय मिटवतात आणि त्यालाच सुखाचा संसार म्हणतात.

मग एका दुपारी चहाचा कप केळकरांच्या हातून निसटला. 'सांडला' म्हणायला गेले तर जीभ वळेना. तोंड एका बाजूला ओढलं गेलं होतं. शेजाऱ्यांनी हातोहात खाली उतरवलं, हॉस्पिटल गाठलं, आणि मुलगी गार्गीही ऑफिसातून थेट तिथेच आली.

नर्सनं एक पिशवी आणून दिली. त्यात घड्याळ, चष्मा आणि कापलेलं जानवं, किल्लीसकट. ते तुटकं जानवं पाहून शुभाताईंना रडू फुटणार, इतक्यात डॉक्टर बाहेर आले.

"मेंदूत रक्ताची गुठळी अडकली आहे," ते म्हणाले. "ती विरघळवायचं इंजेक्शन लगेच द्यावं लागतं. पण हे रक्त पातळ करायची गोळी घेतात का? घेत असतील आणि मी इंजेक्शन दिलं, तर डोक्यात रक्तस्राव होऊ शकतो."

बीपीची घेतात, शुभाताई म्हणाल्या. आणि एक लहानशी गुलाबी, शक्तीची.

"शक्तीची म्हणजे कसली?"

शुभाताईंना सांगता येईना. केळकरांनी 'शक्तीची' म्हणून सांगितलं, त्यांनी ऐकून घेतलं. पाकिटातून गोळ्या काढून जुन्या सुपारीच्या डबीत भरायची केळकरांना सवय, त्यामुळे नावाचाही पत्ता नाही. गार्गीनं नेहमीच्या डॉक्टरांना फोन लावला. ते म्हणाले, मी फक्त बीपीची दिली आहे. म्हणजे हे गुपचूप दुसरीकडे कुणाकडे गेले होते! रक्त तपासायला पाठवलंय, पण काही गोळ्या त्यात कळत नाहीत, असं हॉस्पिटलच्या डॉक्टरांनी सांगितलं. चिठ्ठी शोधा, फोटो पाठवा, पण लवकर.

गार्गी हॉस्पिटलमध्येच थांबली. घरी जाताना रिक्षात शुभाताईंनी किल्ली इतकी घट्ट धरली होती की तळव्यावर वळ उठला. घरी पोचल्या तर घाईत किल्ली भोकात जाईना. समोरच्या दारातल्या सुगंधा राणे धावत आल्या. त्या सोसायटीच्या सेक्रेटरी, बोलायला फटकळ. त्यांनी किल्ली हातातून घेतली आणि कपाट उघडलं.

आत काय शिस्त! लाल फितीत बांधलेले गठ्ठे, प्रत्येकावर तारखांची पट्टी. बघणाऱ्यानं वाहवा करावी आणि शोधणाऱ्यानं कपाळ बडवावं. कारण चिठ्ठी कोणत्या तारखेला आली, हे एकाच माणसाला माहीत होतं आणि त्याची वाचा गेली होती. शुभाताई एकेक गठ्ठा सोडू लागल्या. पाण्याची बिलं, गार्गीची प्रगतिपुस्तकं, गॅसची पावती. फोन वाजला. डॉक्टर पुन्हा विचारून गेलेत आई, गार्गी म्हणाली.

शुभाताईंनी बसकणच मारली. "इतकी वर्षं संसार केला गं, आणि माझा नवरा कसली गोळी खातो ते मला माहीत नाही."

सुगंधाबाईंनी सांत्वन केलं नाही. "रड मागाहून. आमचे मालक, जयवंत, गेले तेव्हा मीपण अशीच बसले होते गो. ते सांगत नव्हते आणि मी विचारत नव्हते. दोघांचीही चूक. आता आठव, ही गोळी सुरू झाली तेव्हा घरात काय चाललं होतं?"

शुभाताईंनी डोळे मिटले. तारीख काही आठवेना, पण जिना आठवला. लिफ्ट बंद होती. केळकर नारळांची पिशवी घेऊन चढत आले आणि मधल्या वळणावर छातीला हात लावून बसले. घामाघूम. दुसऱ्या दिवशी 'बँकेत जाऊन येतो' म्हणून गेले आणि आल्यावर ती डबी निघाली.

"लिफ्ट?" सुगंधाबाई ताडकन म्हणाल्या. "गेल्या वर्षी, गौरी बसायच्या आदल्या दिवशी. सगळे माझ्याच डोक्यावर बसले होते ना!"

गौरीच्या दिवसांतला गठ्ठा सुटला. मेंटेनन्सच्या पावतीखाली हृदयरोगतज्ज्ञांची चिठ्ठी होती, कोपऱ्यात आवकचा सुबक शिक्का. ठोके अनियमित, रक्त पातळ ठेवण्याची गोळी, बंद करू नये. फोटो सुगंधाबाईंनीच काढून पाठवला.

इंजेक्शन थांबलं. डॉक्टरांनी मांडीच्या रक्तवाहिनीतून तार घालून गुठळी ओढून काढली. ऑपरेशन थिएटरचं दार उघडेपर्यंत दोघी मायलेकी एकमेकींचा हात धरून बसल्या होत्या. बाहेर आल्यावर डॉक्टर एवढंच म्हणाले, कागद आला नसता तर मी इंजेक्शन देऊन बसलो असतो.

केळकर घरी आले. उजवा हात अजून जड, शब्द अडखळत. खुर्चीत बसल्याबसल्या त्यांनी डाव्या हातानं छाती चाचपली. नवं जानवं होतं, किल्ली नव्हती. शुभाताईंनी देवघराशेजारच्या खिळ्याकडे बोट दाखवलं. किल्ली तिथे टांगली होती आणि तिच्याखाली, जाता-येता दिसेल असा, घरातल्या प्रत्येकाच्या गोळ्यांचा कागद चिकटवलेला होता. त्यावर गुलाबी गोळीला तिचं खरं नाव मिळालं होतं.

केळकरांनी तो कागद वाचला. मग महत्प्रयासानं म्हणाले, "तू... कधी... विचारलं नाहीस."

"विचारलं होतं," शुभाताई म्हणाल्या. "तुम्ही अभद्र म्हणालात."

केळकरांच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी डावा हात कपाटाकडे केला. शुभाताईंनी पहिला गठ्ठा त्यांच्या मांडीवर ठेवला, गार्गी शेजारी येऊन बसली, आणि आवक-जावक विभागातला तो माणूस प्रत्येक कागद उचलून अडखळत सांगू लागला, हा कशाचा, हा कुणाच्या उपयोगाचा. फिती सुटत गेल्या. तारखांच्या जागी माणसांची नावं आली.

तेव्हा मंडळी, आपल्यालाच सापडतात असे कागद म्हणजे व्यवस्था नव्हे, ती लपवाछपवी. जिवंतपणी घरच्यांना सगळं दाखवून ठेवण्यात अभद्र काहीच नाही. आज घरी गेलात की आपल्या कपाटाची किल्ली दुसऱ्याच्या हातात द्या आणि म्हणा, ये, बस, दाखवतो.