ग्रहणाची कॅसेट

मी एक जुना संगणक आहे, शाळेचा. मित्रांनो, तुमच्या आजच्या यंत्रांपुढे माझी अक्कल चिमूटभर. पण १९८५ साली सातपूरजवळच्या आमच्या शाळेत मी आलो तेव्हा माझ्यापुढे नारळ फुटला होता. मला स्वतंत्र खोली मिळाली. चपला बाहेर काढल्याशिवाय कुणी आत येत नसे. शिपाई निवृत्तीने तर बैलाला शिवावी तशी मखमली झूल बायकोकडून माझ्यासाठी शिवून आणली.

पण खरी गट्टी जमली ती विज्ञानाच्या लताबाईंशी. शाळा सुटली की त्या वही उघडून बसत आणि एकेक ओळ माझ्या कळांवर टिपत. एका स्वल्पविरामावरून मी अडून बसे. "काय रे बाबा, आता कशावरून रुसलास?" असे त्या विचारत. दोन महिने खपून त्यांनी माझ्या पडद्यावर सूर्य, चंद्र, पृथ्वी फिरवले. चंद्र मध्ये आला की पृथ्वीवरून सावलीचा ठिपका सरके.

तो ठिपका सर्वांत आधी नववीतल्या चंद्रभागेने पाहिला. तिच्या घरी ग्रहणात गरोदर बहिणीला हलूही देत नसत.

"बाई, मंग ही नुसती सावलीच हाय? कोणी गिळत नाय सूर्याला?"

"नाही गं. हवं तर दहादा बघ."

तिने खरोखरच दहादा पाहिले. मित्रांनो, इतका सुखाचा दिवस मला पुन्हा लाभला नाही.

माझी एक खोड सांगायला हवी. वीज गेली की मी सारे विसरून जाई. म्हणून बाई ते ग्रहण गाण्यांच्या साध्या कॅसेटवर उतरवून ठेवत. माणसाच्या कानाला ती नुसती किरकिर, मला मात्र त्यात सूर्यचंद्र दिसत. कॅसेटवर कुणी दुसरे काही टेप करू नये म्हणून तिची मागची खिट्टी मोडून टाकतात. ती मोडायची बाईंकडून राहून गेली.

जानेवारीत तपासणी ठरली. माझा विज्ञान शिकवायला उपयोग होतो की नाही, हे मोठे साहेब पाहणार होते. होत नसेल तर खोलीला कुलूप लागणार होते.

आदल्या दिवशी स्नेहसंमेलन होते. पाहुण्यांचे भाषण टेप करायला ऐन वेळी कोरी कॅसेट मिळेना. निवृत्तीने माझ्या खणातली काढली आणि वाजवून पाहिली.

"हात्तिच्या! ही तर वाया गेली," तो म्हणाला. वाया गेलेली वस्तू कामी लावली, याचे त्याला समाधानच वाटले. भाषण झाल्यावर गडबडीत त्याने कॅसेट होती तिथे ठेवून दिली.

दुसऱ्या दिवशी साहेब खुर्चीत बसले. बाईंनी टेप चालू केला. मी कान टवकारले, तर त्यात ग्रहण नव्हतेच. 'आजचे विद्यार्थी हे उद्याचे नागरिक' होते. माझी वायर जोडली की टेपचा आवाज बाहेर कुणाला येत नाही. मी नुसते 'शोधतो आहे' दाखवत राहिलो. बाईंनी तीनदा कॅसेट मागे नेली.

"बाई, आपला खडू-फळाच बरा," म्हणून साहेब उठले.

सगळे गेल्यावर निवृत्ती आवरायला आला. त्याने वायर काढली आणि चालूच राहिलेला टेप बोलू लागला. त्याचा चेहरा खर्रकन उतरला. कॅसेट त्याने खिशात घातली. तेवढ्यात बाई परत आल्या.

"निवृत्तीभाऊ, माझी कॅसेट पाहिलीत?"

"नाय बा, बाई."

त्याच संध्याकाळी कुलूप लागले. त्यानंतर कितीतरी दिवस बाई माझ्या खिडकीबाहेरच्या पायरीवर बसून वहीतली एकेक ओळ पुटपुटत चूक शोधत. चूक नव्हतीच. मला ठाऊक होते. पण कुणी घातल्याशिवाय माझ्याकडे शब्द येत नाहीत. जूनमध्ये संस्थेने त्यांची हरसूलला बदली केली. जाताना त्या गजांपाशी आल्या.

"तुझा दोष नाही रे. मलाच जमलं नाही."

मला रडता येत नाही, याचे त्या दिवशी फार वाईट वाटले.

निवृत्ती दर शनिवारी कुलूप उघडून मला पुसत असे. "एकदा हरसूलला जातो, बाईंना सांगून टाकतो," असे मलाच सांगे. सहा वर्षे सांगितले. निवृत्त झाला त्या दिवशी ती कॅसेट माझ्या झुलीखाली सारून तो निघून गेला.

मित्रांनो, माझी धूळ पुसा असे मी म्हणणार नाही. निवृत्तीने माझ्यावर कणभर धूळ बसू दिली नाही. मागणे एवढेच, की तुमच्या हातून कुणाचे काम पुसले गेले, तर जाऊन त्याला सांगा. हरसूल काही फार लांब नाही. एसटी रोज जाते.