सात नंबरची बाटली

सात नंबरच्या बाटलीवर माझी मुलगी वाकली होती. धुतलेल्या परीक्षानळ्यांचा ट्रे घेऊन तिच्या मागून जाताना मी ओठ न हलवता म्हटलं, "कीटोन."

तिने वळूनही पाहिलं नाही. "बाबा, तुम्ही पुढे जा बरं. मी करून बघणार आहे."

"करून बघ की. पण उत्तर कीटोन लिही."

"बघितल्याशिवाय कसं लिहू?"

मी पुढे गेलो आणि चार टेबलं सोडून बसलेल्या दुसऱ्या सात नंबरवाल्याला तेच सांगितलं. त्याने मान डोलावली, नळीत काहीतरी ओतल्यासारखं केलं आणि लिहायला बसला.

आमच्या शाळेत ही रीतच आहे. रसायनशास्त्राच्या प्रात्यक्षिक परीक्षेला प्रत्येकाला एक नंबर घातलेली बाटली मिळते. आत कुठलं तरी सेंद्रिय संयुग असतं, आणि ते अल्कोहोल आहे, आल्डिहाइड आहे, आम्ल आहे की कीटोन, हे चाचण्या करून ओळखायचं असतं. म्हणजे पुस्तकात तसं लिहिलेलं असतं. प्रत्यक्षात आमचे सर मला यादी देतात, यादीबरहुकूम मी बाटल्या भरतो, आणि परीक्षेत फिरता फिरता ज्याचं त्याचं उत्तर ज्याच्या त्याच्या कानात टाकतो. सरांना ते ठाऊक असतं, ते तेवढा वेळ खिडकीबाहेर बघतात. शाळेचा निकाल झकास लागतो, बाहेरून आलेले परीक्षक वेळेवर घरी जातात. अठ्ठावीस वर्षांत कुणाची तक्रार नाही.

मी प्रयोगशाळेचा शिपाई. शिक्षण बेताचं, पण नाक असं होतं की शाळेत सगळे मला नाकोबा म्हणत. कपाटातल्या मोठ्या बाटल्यांवरच्या चिठ्ठ्या आम्लाच्या वाफांनी केव्हाच खाऊन टाकल्या होत्या. नव्या चिठ्ठ्या लावायचं काम माझंच, पण मला गरज काय होती? बूच काढायचं, हाताने हवा नाकाकडे ओढायची, की झालं. नवे सर आले की पहिल्या आठवड्यात माझी गंमत करायला दोन-तीन बाटल्या पुढे धरायचे आणि दुसऱ्या आठवड्यापासून "नाकोबा, ही कुठली हो?" करत माझ्याकडेच यायचे. मुलगी लहान असताना सुट्टीत मी तिला शाळेत घेऊन जात असे. आम्ल आणि अल्कोहोल एकत्र गरम करून जो एस्टर होतो, त्याचा फळासारखा गोड वास मी तिला डोळे मिटायला लावून द्यायचो. ती पेरू म्हणायची, केळं म्हणायची. डोळे उघडल्यावर नळीत नुसतं पाणी दिसलं की टाळ्या पिटायची. तेव्हापासून तिने ठरवलेलं, रसायनच शिकायचं.

दोन वर्षांपूर्वी मला ताप आला. आठ दिवसांनी उतरला, पण जाताना वास घेऊन गेला. आधी वाटलं सर्दी असेल. दोन महिन्यांनी कळून चुकलं की हे कायमचं. कुणाला सांगितलं नाही, बायकोलाही नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची. नाकोबाचं नाक गेल्यावर मागे उरतो तो बाटल्या धुणारा म्हातारा, आणि तसले गल्लोगल्ली मिळतात. कुठली बाटली कपाटात कुठे असते ते मला पाठ होतं, त्यावर मी भागवत होतो. कुणी बाटली पुढे केलीच तर हुंगल्याचं सोंग करायचो आणि ती कुठल्या फळीवरून आली ते आठवून सांगायचो.

तर त्या दिवशी अर्ध्या तासाने मुलगी उठून परीक्षकांकडे गेली. परीक्षक स्थूल, रुमालाने सारखं नाक पुसत बसलेले. शेजारी आमचे सर.

"सर, हे कीटोन नाहीये," ती म्हणाली. "नारिंगी साका यायला पाहिजे. तीनदा केलं, नाही आला."

परीक्षकांनी यादी पाहिली. "तुला कोण म्हणालं कीटोन आहे म्हणून?"

तिने माझ्याकडे पाहिलं नाही, एवढी ती शहाणी. "कुणी नाही. मला अल्कोहोल वाटतंय. आम्लाबरोबर गरम केलं तर गोड वास येतोय. हे बघा."

"या यादीत अल्कोहोल एकालाही दिलेलं नाही. आणि मला सर्दी आहे, मी काय वास घेणार?"

आमचे सर हसले. "नाकोबांना विचार ना. त्यांचं नाक म्हणजे आमचं सर्वोच्च न्यायालय."

ती नळी घेऊन माझ्याकडे आली. पोरं लिहायची थांबून बघत होती. तिने नळी माझ्या नाकाखाली धरली, अगदी मी तिला शिकवलं होतं तशी, तिरपी. "बाबा, गोड वास येतोय ना?"

बाटली मी माझ्या हाताने भरलेली. वरच्या फळीवरच्या डावीकडून तिसऱ्या मोठ्या बाटलीतून. कीटोनच ते. पोरगी हट्टाने नसलेला वास ओढून आणतेय असं मला वाटलं, आणि सगळ्यांसमोर तिचं हसं व्हायला नको म्हणून प्रकरण मिटवायची घाई झाली.

"नाही येत," मी म्हटलं.

शब्दाला शब्द खरं होतं ते. तिने नळी स्वतःच्या नाकाशी नेली, पुन्हा माझ्याकडे बघितलं आणि जागेवर गेली. उत्तर तिने अल्कोहोलच लिहिलं. जे दिसलं ते लिहायचं, हेही मीच कधीतरी शिकवून ठेवलेलं.

बाहेर व्हरांड्यात सगळ्यांनी उत्तरं जुळवली. सात नंबर चौघांना होता. तिघांचं कीटोन.

घरी ती रडली असती तर बरं झालं असतं. ती जेवली, ताट धुतलं आणि पुढच्या शिक्षणाचा अर्ज घेऊन बसली. अर्ज द्यायला दोनच दिवस उरले होते.

"एक चूक झाली म्हणून काय होतं?" तिची आई म्हणाली. "बाकीचे पेपर चांगले गेलेत ना?"

"प्रश्न एका चुकीचा नाही गं. एखादी चाचणी चुकली असती तर मला कळलं असतं, घाई केली, थेंब जास्त पडला. मी तीनदा केलं, नीट केलं आणि तिन्ही वेळा नसलेलं दिसलं. वाससुद्धा आला मला. बाबांना नाही आला." ती माझ्याकडे बघून समजूतदारपणे हसली. "जे नाहीच त्याचा वास येतो मला. मी कसली केमिस्ट होणार?"

मी म्हटलं, "झोप आता."

दुसऱ्या दिवशी परीक्षेचा पसारा आवरताना सात नंबरची बाटली हातात आली. निम्मी भरलेली होती. का कोण जाणे, मी दार लोटून घेतलं आणि एक नळी घेतली. अठ्ठावीस वर्षं बघून बघून चाचण्या मलाही पाठ झाल्यात. नारिंगी साका आला नाही. डायक्रोमेट आणि आम्लाचे थेंब टाकून दिव्यावर धरलं, तर नारिंगी पाणी हिरवं होत गेलं. हे अल्कोहोलच करतं, कीटोन नाही. मग वरच्या फळीकडे पाहिलं आणि आठवलं, सुट्टीत कपाटाला रंग दिला होता. रंगाऱ्याने सगळ्या बाटल्या खाली काढल्या आणि परत लावल्या. एकसारख्या तपकिरी बाटल्या, त्याला काय कळणार डावीकडून तिसरी कुठली. मला मात्र कळायला हवं होतं. मी स्टुलावर बसलो. पोरीने एकटीने खरं लिहिलं होतं, आणि तिला खोटं पाडणारा तिचा बाप होता.

मी बाटली घेऊन तसाच सरांकडे गेलो. सगळं सांगितलं. रंगारी सांगितला, नाक गेल्याचंही सांगितलं.

सरांनी बाटली हातात घेतली. "दोन वर्षं वास येत नाही? मागच्या महिन्यात तर तुम्ही सांडलेलं ॲसिड दारातून ओळखलंत."

"तिखट असतं ते झोंबतं, सर. नाकात, डोळ्यांत चुरचुरतं. ॲसिड, अमोनिया असलं कळतं. पण तो वास नव्हे. साधा, गोड वास काहीच येत नाही. अल्कोहोल आणि कीटोन मला पाण्यासारखी."

"अजून कुणाला बोललात?"

"नाही. तुम्ही परीक्षकांना कळवा, सर. तिचे गुण..."

"कळवतो. मग ते विचारतील, बाटलीत अल्कोहोल असताना बाकीच्या तिघांना कीटोन कसं आलं? तेही चाचण्या, निरीक्षणांसकट?"

"मीच उत्तर फोडलं, असं सांगेन."

"आणि तुम्हाला यादी कुणी दिली? बाटल्या तपासून सही कुणी केली?" सरांनी आवाज चढवला नाही. ते वाईट माणूस नाहीत, त्यांची बदली जवळ आली होती. "शिवाय लोक काय म्हणतील तेही ऐका. मुलगी तुमची. बाप मुलीसाठी नाक गेलं म्हणेल, उद्या डोळे गेले म्हणेल. कोण विश्वास ठेवणार?"

"बाटली आहे ना. तपासू दे कुणालाही."

ते उठले, बाटली घेऊन बेसिनपाशी गेले, नळ सोडला आणि ती उपडी केली. अल्कोहोल पाण्यात मिसळून जायला कितीसा वेळ लागतो. मग रिकामी बाटली त्यांनी माझ्या हातात दिली.

"धुऊन ठेवा," ते म्हणाले.

आणि मी धुतली. हे खरं तर कुणाला सांगायचं नव्हतं, पण मी ती साबण लावून धुतली आणि फळीवर पालथी घातली. सवयीने हात चालतात माणसाचे. माझ्या हातांची मला त्या क्षणी शिसारी आली.

घरी जाताना मनाशी एकच ठरवलं, गुण गेले तर गेले, पोरीला खरं कळलं पाहिजे. तिच्या डोळ्यांत, नाकात, हातात काही खोट नाही, एवढं तिला कळलं की बस.

ती टेबलाशी अर्ज भरत होती. तिची आई भाजी निवडत होती. मी चपलाही न काढता सांगून टाकलं. सात नंबरात अल्कोहोलच होतं. तुझं बरोबर होतं. मला दोन वर्षं वास येत नाही, म्हणून मी चुकलो.

मुलीने पेन खाली ठेवलं. "बाबा, नका ना असं करू."

"खरं सांगतोय."

"काल सगळ्यांसमोर नाही म्हणालात, आणि आज नाकच गेलं म्हणता. माझ्यासाठी तुम्ही काय काय बोलाल ते मला माहितीये." ती आईकडे वळली. "आई, तू सांग. यांना वास येत नाही?"

"कुणाला, यांना?" तिची आई म्हणाली. "परवा भाजी आंबली म्हणून यांनीच तर टाकून दिली. मला तर वासही आला नव्हता."

भाजीवर फेस दिसला होता म्हणून टाकली होती मी. ते सांगितलं, तर दोघी माझ्याकडे करुणेने बघायला लागल्या.

"बाटली आणा मग शाळेतून," मुलगी म्हणाली. "मी परत करते. तुमच्यासमोर."

"सरांनी ओतून दिली."

"हं," ती म्हणाली. मग काहीतरी सुचल्यासारखी उठली. रागाने नव्हे. चाचणी करायला उठावं तशी. "डोळे मिटा."

मी मिटले. ती आत जाऊन आल्याचं, बूच निघाल्याचं कानांना कळलं. आणि पुढच्याच श्वासाला नाकाच्या मुळाशी सुया टोचल्या, मी झटक्यात मान मागे घेतली, डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं. खिडकीच्या काचा पुसायला ठेवलेला अमोनिया होता.

"येतो की वास," ती हळूच म्हणाली.

"वास नाही गं तो. झोंबतं ते. झोंबणं वेगळं, वास..."

"पुस्तकात अमोनियाच्या पुढे काय लिहिलंय बाबा? तीव्र झोंबणारा वास." तिने बूच लावलं. माझ्या खांद्यावर हात ठेवला. "तुम्ही माझ्यासाठी खोटं बोललात, मला राग नाही आला. पण आता पुरे."

मी पुन्हा सांगायला तोंड उघडलं, पण ठसक्याने शब्द फुटेना. तिने अर्ज पुढे ओढला. शाखेच्या रकान्यात विज्ञान लिहिलेलं होतं, त्यावर एक सरळ रेघ मारली आणि वर वाणिज्य लिहिलं, सुवाच्य अक्षरात. मग अर्ज माझ्यापुढे सरकवून पेन हातात दिलं. खाली पालकाची सही लागत होती.

डोळ्यांतलं पाणी थांबत नव्हतं, म्हणून सही कुठे करायची ते तिने बोट ठेवून दाखवलं.