झांज आणि मुअल्लिमची जीभ

मित्रांनो, माझ्यावरची धूळ कुणी फुंकर मारून उडवली, तर खाली तुम्हाला पिवळसर काशाचा रंग दिसेल आणि कडेला बोटांनी झिजलेली जागा. मी एक जुनी झांज आहे. नील नदीच्या काठच्या एका छोट्या गावात, चर्चच्या मागच्या खोलीतल्या लाकडी पेटीत मी पडून असते.

माझा जन्म अखमीमच्या बाजारातल्या भट्टीत झाला. माझ्या कारागिराने दोन चकत्या ओतल्या, ठोकल्या, कानाशी धरून वाजवल्या आणि पुन्हा ठोकल्या. "आता बोलली बघ," असं तो स्वतःशीच म्हणाला. माझ्याविषयी बोललेलं पहिलं वाक्य ते. मला अजून आठवतं.

गावच्या चर्चने मला विकत घेतलं आणि घत्तासच्या हाती दिलं. घत्तास पेशाने न्हावी. पण रविवारी पांढरा झगा घालून तो वेदीसमोर उभा राहिला, की त्याच्या गळ्यातून जुनी कोप्ट भाषेतली स्तोत्रं अशी निघत, की म्हाताऱ्या बायका पदराने डोळे टिपत. सगळं गाव त्याला मुअल्लिम म्हणायचं, म्हणजे गुरुजी. त्याच्या डाव्या हाताला वहबा शिंपी उभा असे, लोखंडी सळईचा त्रिकोण घेऊन. घत्तास मला वाजवी, वहबा त्रिकोणावर ठेका देई. दोघांनी तरुणपणी एकाच दिवशी सेवा सुरू केली होती. एकमेकांकडे न बघता ते एका क्षणी थांबत आणि एका क्षणी सुरू होत. बाहेरगावचे पाहुणे विचारत, "हे दोघे भाऊ का?"

घत्तास मला कापडी पिशवीत घालून खिशातच ठेवायचा, त्यामुळे त्याच्या दुकानातलंही सगळं मी ऐकत असे. मित्रांनो, चर्चमध्ये देवाची स्तुती करणारं ते तोंड दुकानात वस्तऱ्यापेक्षा धारदार व्हायचं. टक्कल पडलेल्याला तो म्हणे, "ये, बस, तुझे पैसे कसले घेऊ? मी फक्त पुसून देतो." कुणाच्या मुलीच्या लग्नाची बातमी आली, तर म्हणे, "नवरदेवाला उजेडात दाखवलीत का?" लोक पोट धरधरून हसत. ज्याच्यावर बोललं जाई तोही हसे, आणि घरी जाताना मात्र त्याची मान खाली असे. हे मला खिशाच्या फटीतून दिसायचं. घत्तासला दिसत नसे, कारण तोवर तो पुढच्या गिऱ्हाइकाला साबण लावत असे.

त्या वर्षी ईस्टरच्या सणाआधीच्या मोठ्या उपासात त्याने मांस, दूध, लोणी काही शिवलं नाही. दुपारपर्यंत पाणीसुद्धा घेत नसे. गाल बसले, पण आवाज आणखी निर्मळ झाला. मग झावळ्यांचा रविवार आला. चर्चभर ताज्या झावळ्यांचा वास होता. घत्तास गात होता आणि मी वाजत होते. मध्येच त्रिकोणाचा ठेका अडखळला. एकदा सावरला, पुन्हा अडखळला. मी दचकले. इतक्या वर्षांत असं झालं नव्हतं.

प्रार्थनेनंतर सगळे अंगणात बसून फूल म्हणजे शिजवलेल्या घेवड्याचे दाणे, कांदा आणि भाकरी खात होते. कुणीतरी म्हणालं, "मुअल्लिम, आज ताल जरा हलला."

"ताल कुठला, शिंपी हललाय!" घत्तास म्हणाला. "हात बघा त्याचा, शेळीच्या शेपटासारखा. सणाचे कपडे दिलेत ना शिवायला? देवाचं नाव घेऊन घाला, बाहीतून डोकं निघालं तर मला नका सांगू!"

सगळं अंगण हसलं. वहबाही थोडा हसला. मग त्याने उजवा हात डाव्या काखेत दडवला आणि भाकरी अर्धी टाकून तो उठला.

तो हात नुसता थकलेला नव्हता, मित्रांनो. वहबाला कंपवाताने गाठलं होतं. ते फक्त त्याला आणि त्याची बायको लबीबा हिला ठाऊक होतं. सणाची शिवणकामं उरकेपर्यंत तो दार लोटून, कापडाला गुडघ्याखाली दाबून, कसंबसं निभावत होता. आता लोक घरी येऊन सुई धरलेल्या त्याच्या हाताकडे बघू लागले. एकेक बाई कापड परत मागू लागली. "राहू दे वहबा, यंदा शहरातूनच शिवून आणू." आठवडा संपायच्या आत त्याची फळी रिकामी झाली.

घत्तासला हे दुकानातच कळलं. एक गिऱ्हाईक हसत म्हणालं, "बरं झालं तुम्ही बोललात मुअल्लिम, नाहीतर माझं कापड वाया गेलं असतं." घत्तासचा वस्तरा हवेतच थांबला. त्या दिवशी त्याने आणखी कुणाची चेष्टा केली नाही.

सण आला आणि गेला. वहबा चर्चला आला नाही. त्याचा त्रिकोण खिळ्याला टांगलेला राहिला. पुढच्या रविवारी प्रार्थनेत शांतीचं अभिवादन करायची वेळ आली. आमच्याकडे तेव्हा प्रत्येकजण शेजाऱ्याचा हात हातात घेतो. घत्तासने मला बाजूला ठेवलं आणि सवयीने हात डावीकडे केला. तिथे कुणीच नव्हतं. त्याचा हात तसाच पुढे राहिला. एवढ्या गर्दीत इतका एकटा माणूस मी पाहिला नव्हता. प्रभूची भाकर घ्यायलाही तो पुढे गेला नाही.

अबूना बोक्तोर, आमचे पाद्री, त्याला म्हणाले, "मुअल्लिम, आज मागेच थांबलास?"

"पोट ठीक नाही, अबूना."

"त्याचं औषध शिंप्याच्या घरी मिळतं. माझ्याकडे नाही."

घत्तास तिथूनच वहबाकडे गेला. लबीबाने दार उघडलं, पण वाट सोडली नाही.

"या मुअल्लिम. उपासात मांस सोडलं होतंत ना? मग माझ्या नवऱ्याचे लचके कसे चालले?"

घत्तास उंबऱ्याबाहेरच उभा राहिला. शेवटी ती बाजूला झाली. वहबा खिडकीशी पाठ करून बसला होता.

"वहबा, चुकलं माझं. जीभ घसरली."

"घसरतो तो पाय, घत्तास. जीभ तू सोडलीस."



घत्तासने दुकानात ज्याला त्याला सांगून पाहिलं, "मी उगाच बोललो, वहबासारखा टाका कुणाचा नाही." लोक मान डोलवत, "मुअल्लिमचं मन किती मोठं!" म्हणत, आणि कापड शहरातच नेत. गेलेला शब्द काही परत येईना.

मग तो रोज सकाळी वहबाकडे जाऊ लागला. वहबाला आता वस्तरा धरता येत नव्हता. घत्तास न विचारता पाणी तापवी, साबण लावी, त्याची दाढी करी आणि निघून येई. दोघेही गप्प. निघण्याआधी तो दाराशी पुटपुटत असे, "प्रभू, आज माझ्या तोंडून जे निघेल, ते आधी तू ऐक." दुकानातही त्याचं बोलणं आटलं. गिऱ्हाइकं कंटाळून दुसऱ्या न्हाव्याकडे जाऊ लागली.

खजूर पिकायच्या दिवसांत एका सकाळी वहबा अचानक म्हणाला, "घत्तास, काहीतरी चेष्टा कर. घर फार गप्प झालंय."

घत्तासचा हात थांबला. जन्मभर हजार चेष्टा केलेला माणूस, पण त्याला एकही सुचेना. जी आठवे ती कुणाला तरी लागणारी होती. साबण वाळायला आला.

"काल आपला उमदा, गावचा मुखिया, दाढीला आला होता," शेवटी तो म्हणाला. "मी हल्ली बोलत नाही ना, त्याला खुर्चीतच झोप लागली. घोरता घोरता त्याने अशी मान टाकली, की अर्धी मिशीच उडाली. उठून आरशात बघतो आणि म्हणतो, मुअल्लिम, पूर्वी तुम्ही लोकांची नाकं कापायचात तेच बरं होतं. मिशी तरी राहायची!"

वहबाच्या पोटातून आधी बारीकसा आवाज आला. मग तो इतका हसला, की घत्तासला वस्तरा लांब धरावा लागला. स्वयंपाकघरातून लबीबा धावत आली. साबणभरल्या तोंडाने नवरा हसतोय आणि मुअल्लिम रडतोय, हे पाहून ती परत आत गेली आणि तीन पेले चहा घेऊन आली.

वहबाचा हात मात्र सुधारला नाही, आणि त्याचं शिवणकामही परत आलं नाही. पुढच्या हिवाळ्यात तो गेला. त्याच्या अंत्यविधीला घत्तास गायला. नंतर बरीच वर्षं तो माझ्यासोबत एकटाच उभा राहिला, आणि मग तोही गेला. आता चर्चमध्ये नवी, चकचकीत झांज आली आहे. मला कुणी उघडत नाही. रविवारी भिंतीपलीकडून स्तोत्र ऐकू येतं आणि माझ्या अंगात उगाच बारीक कंप उठतो. मग सगळे घरी जातात, आणि खोलीत पुन्हा मी एकटी.

मित्रांनो, मी काशाची. मला हात लागला की मी वाजते. केव्हा वाजावं आणि केव्हा थांबावं, हे माझ्या हाती कधीच नव्हतं. तुमच्या तोंडाचं दार मात्र तुमच्याच हातात आहे. तिथे राखण ठेवा. पण दार कायमचं लावूनही घेऊ नका. एखाद्या घरात फार दिवस कुणी हसलं नसेल, तर तिथे जा. बसा. आणि बोलाच.